इंग्रजी मेलमधील खटकणारे शब्द आणि चुकणारी स्पेलिंग : नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी मार्गदर्शक

मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलामुलींना नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात इंग्रजीत मेल लिहावे लागतात. व्याकरण शाळेत झालेले असते, शब्दसंग्रहही बऱ्यापैकी असतो. तरीही मसुदा लाल खुणांनी भरून परत येतो आणि नेमके काय खटकले हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. मीही याच वाटेने आलो असून, आता माझ्या विभागात नव्याने येणाऱ्यांचे मसुदे वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या वाचनातून जी पद्धत हाताशी आली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला जे खटकते ते सगळेच चूक नसते. काही गोष्टी खरोखर चुकीच्या असतात आणि त्या सर्वत्र चुकीच्याच राहतात. काही प्रयोग भारतात पूर्णपणे रुळलेले आहेत, मात्र परदेशातील वाचकाला ते कळत नाहीत किंवा भलत्याच अर्थाने कळतात. आणि काही शब्द व्याकरणाने निर्दोष असूनही वापरून वापरून इतके गुळगुळीत झालेले असतात की ते वाचून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. या तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे. पहिल्या प्रकारात दुरुस्ती करायची, दुसऱ्यात वाचक कोण आहे ते पाहून ठरवायचे आणि तिसऱ्यात शब्द सरळ काढून टाकायचा. ज्यांना हा भेद कोणी सांगत नाही, ती मुले चांगले भारतीय शब्द घाबरून टाळतात आणि खऱ्या चुका मात्र तशाच ठेवतात.

लागणारे साहित्य

- तुम्ही स्वतः अलीकडे पाठवलेले दहा-पंधरा मेल. इंटरनेटवरील तयार यादी घेऊ नये, कारण तुमच्या चुका त्या यादीत असतीलच असे नाही.
- एक चांगला शब्दकोश. ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ आणि ‘केंब्रिज’ हे दोन्ही शब्दकोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. अमेरिकेशी व्यवहार असेल तर ‘मेरियम-वेब्स्टर’ पाहावा.
- तुमच्या कंपनीची लेखननियमांची पुस्तिका, म्हणजे स्टाइल गाइड. ती असेल तर मनुष्यबळ विभागाकडे किंवा मार्केटिंगकडे मिळते. ती काय सांगते ते या लेखातील सल्ल्यापेक्षा महत्त्वाचे मानावे.
- एक वही किंवा एक्सेलची शीट.

१. वाचक कोण ते ठरवा आणि त्यानुसार स्पेलिंगची एक पद्धत धरा

प्रत्येक शब्दाचे एकच बरोबर स्पेलिंग असते, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. सॅम्युएल जॉन्सन यांचा शब्दकोश लंडनमध्ये १७५५ साली प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश स्पेलिंग स्थिरावण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. नोहा वेब्स्टर यांनी १८२८ साली अमेरिकन इंग्रजीचा शब्दकोश काढला. ‘कलर’ आणि ‘ऑनर’ यांमधील यू काढून टाकणारी आणि ‘सेंटर’च्या शेवटी आधी ई मग आर लिहिणारी पद्धत त्याच परंपरेची आहे. आपल्याकडे शाळा, न्यायालये आणि सरकारी कार्यालये ब्रिटिश पद्धतीने लिहितात, पण संगणक आणि मोबाइल बहुतेक वेळा अमेरिकन इंग्रजी घेऊनच हातात येतात. परिणाम असा होतो की एकाच मेलमध्ये पहिल्या ओळीत ‘कलर’ यूसह येतो आणि तिसऱ्या ओळीत ‘सेंटर’ अमेरिकन होऊन जातो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. वाचकाला खटकते ती त्यांची सरमिसळ.

ग्राहक अमेरिकेतील असेल तर अमेरिकन, अन्यथा ब्रिटिश, असा साधा नियम बहुतेकांना पुरतो. येथे एक सापळा आहे. ‘ऑर्गनाइझ’सारख्या क्रियापदांत झेड लिहिले की ते अमेरिकन झाले, असे पुष्कळजण ठामपणे सांगतात आणि दुसऱ्याचे बरोबर असलेले स्पेलिंग बदलून टाकतात. वस्तुतः ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस स्वतः झेडच वापरते. ब्रिटनमध्ये एस आणि झेड दोन्ही चालतात, फक्त एका मजकुरात एकच असावे. ‘अ‍ॅनलाइझ’ला मात्र ही सवलत नाही; तेथे ब्रिटिश पद्धतीत एसच लिहावा लागतो.

‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ या शब्दांवर वर्षानुवर्षे गोंधळ चालू राहतो, म्हणून त्याची युक्ती सांगतो. ‘अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे सल्ला आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे, हे दोन शब्द आपण उच्चारानेच वेगळे करतो. पहिला सीने आणि दुसरा एसने लिहितात. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ हेही तसेच चालतात, म्हणजे नाम सीने आणि क्रियापद एसने. अमेरिकेत पहिला शब्द नेहमी सीने आणि दुसरा नेहमी एसने लिहितात.

तारखेचेही येथेच ठरवून टाकावे. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, पण अमेरिकन वाचकाला ४ मार्च. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न संपतो.

२. संगणकाला तुमची भाषा सांगा

वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ या टॅबखाली ‘लँग्वेज’ आणि त्यात ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ असा पर्याय असतो. तेथे ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा ‘इंग्लिश (युनायटेड किंग्डम)’ निवडावे. हे केले नाही तर तुमच्या बरोबर शब्दांखाली लाल रेघ येत राहते, तुम्ही ती पाहून शब्द बदलता आणि पहिल्या पायरीवर ठरवलेली पद्धत नकळत मोडते.

वर्ड नेहमीच्या मांडणीत संपूर्ण मोठ्या लिपीत लिहिलेले शब्द तपासतच नाही. त्यामुळे अहवालाचे मथळे, जे सर्वांत आधी वाचले जातात, तेच बिनतपासणीचे राहतात. ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘प्रूफिंग’ येथे जाऊन ‘इग्नोर वर्ड्स इन अपरकेस’ समोरची खूण काढून टाकावी.

३. स्वतःचे जुने मेल काढून तीन रकाने करा

पाठवलेले मेल छापून घेतले तर उत्तम, कारण पडद्यावर आपलेच लिखाण डोळे सराईतपणे ओलांडून जातात. वहीत तीन रकाने आखून त्यांना ‘चूक’, ‘इथलेच’ आणि ‘गुळगुळीत’ अशी नावे द्यावीत. प्रत्येक मेल वाचताना जे शब्द, वाक्प्रचार किंवा स्पेलिंग शंकास्पद वाटेल ते शब्दकोशात पाहून योग्य रकान्यात लिहावे. शब्दकोशात नोंदीच्या आधी ‘इंडियन इंग्लिश’ असा शेरा दिसला की तो शब्द मधल्या रकान्यात जातो. ‘इन्फॉर्मल’ असा शेरा दिसला तर शब्द चुकीचा नसतो, फक्त औपचारिक पत्रात शोभत नाही.

दोन-तीन मेल झाल्यावर लक्षात येईल की आपण त्याच मोजक्या गोष्टी पुन्हा पुन्हा करतो. हेच या पायरीचे फलित आहे.

४. पहिला रकाना : स्पेलिंगच्या खऱ्या चुका

देवनागरी वाचणाऱ्याचा कानावर विश्वास असतो, आणि ते स्वाभाविकही आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सोडला तर मराठी बरेचसे उच्चाराप्रमाणे लिहिले जाते. इंग्रजीत कान साथ देत नाही, आणि त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दात बी ऐकू येत नाही, कारण तो शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवण्यासाठी विद्वानांनी तो पुढे घातला. ‘रिसीट’मधील पी असाच आला. ‘आयलंड’मधील एस तर चुकीच्या समजुतीने, दुसऱ्याच एका शब्दाशी नाते जोडून घातला गेला. म्हणून असे शब्द डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात.

कार्यालयीन मेलमध्ये वारंवार चुकणारे काही शब्द पुढीलप्रमाणे आहेत :

- ‘सेपरेट’ : पीनंतर ए येतो, ई नाही.
- ‘डेफिनेटली’ : यात एकही ए नाही. मध्ये ‘फायनाइट’ हा पूर्ण शब्द दडलेला आहे.
- ‘अकोमोडेशन’ : दोन सी आणि दोन एम.
- ‘मेंटेनन्स’ : क्रियापद ‘मेंटेन’ असले तरी नामात टीनंतर ई येतो.
- ‘प्रनन्सिएशन’ : क्रियापदातील ओ-यू ही जोडी नामात राहत नाही, केवळ यू उरतो.

याहून त्रासदायक म्हणजे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या, कारण तेथे चुकीचा शब्दही शब्दकोशात असतो आणि साधा स्पेलचेकर बहुधा गप्प राहतो. ‘लूझ’ म्हणजे गमावणे, हा एका ओने लिहितात. ‘लूस’ म्हणजे सैल, तो दोन ओने. लेखनसामग्री या अर्थाच्या ‘स्टेशनरी’त शेवटच्या आर-वायच्या आधी ई आणि स्थिर या अर्थाच्या शब्दात ए येतो. ‘फॉर्म’ आणि ‘फ्रॉम’ यांची अक्षरे टंकताना उलटी पडतात आणि दोन्ही शब्द खरे असल्याने लाल रेघ बहुधा येत नाही.

लोपचिन्हाबद्दल, म्हणजे अपॉस्ट्रॉफीबद्दल, दोनच गोष्टी पक्क्या कराव्यात. ‘इट्स’ हा शब्द ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’चे संक्षिप्त रूप असेल तरच त्यात चिन्ह येते, ‘त्याचे’ या अर्थी ते येत नाही. आणि पत्राच्या शेवटी आपण ‘आपला विश्वासू’ या अर्थी जे ‘युअर्स फेथफुली’ लिहितो, त्यातील ‘युअर्स’मध्ये चिन्ह कधीही नसते. नोकरीच्या अर्जांत ही चूक इतकी आढळते की निवड करणाऱ्याची नजर थेट तिथेच जाते.

५. पहिला रकाना, पुढे चालू : मराठीतून उचललेली रचना

हा भाग सर्वांत जास्त वेळ देण्यासारखा आहे, कारण येथे चूक दिसतच नाही. वाक्य आपल्याला अगदी सरळ वाटते, आणि ते सरळ वाटते याचे कारण त्याखाली मराठी वाक्य असते.

‘मी इथे दोन वर्षांपासून काम करत आहे’ या वाक्यातून ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ तयार होते. मराठीतील ‘पासून’ दोन्ही कामे करतो : सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून. इंग्रजीत काळाचा आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ आणि कालावधी सांगताना ‘फॉर’ लागतो, शिवाय क्रियापदही बदलते. म्हणून ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स’ किंवा ‘सिन्स २०२३’ असे लिहावे.

‘काढणे’ या क्रियापदावर तर स्वतंत्र पान राखून ठेवावे. आपण फोटो काढतो, तिकीट काढतो, प्रिंट काढतो, वेळ काढतो. आणि या साऱ्यांसाठी ‘रिमूव्ह’ हा शब्द हाताशी येतो. इंग्रजीत फोटो ‘टेक’ करतात, प्रिंटसाठी ‘प्रिंट’ हेच क्रियापद वापरतात, तिकीट ‘बाय’ करतात, वेळ ‘मेक’ करतात. ‘आय रिमूव्ह्ड द प्रिंट’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही कागद तेथून हलवला.

‘शंका’ या अर्थी ‘डाउट’ लिहिणे हे मात्र केवळ खटकत नाही, नुकसानही करते. आपल्या वर्गात ‘सर, एक डाउट आहे’ म्हणजे निव्वळ प्रश्न असतो. परदेशातील पुरवठादाराला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर इन्व्हॉइस’ असे कळवले, तर त्याला तुम्ही त्याच्या बिलाच्या खरेपणावर संशय घेत आहात असे वाटू शकते. तेथे ‘क्वेश्चन’ लिहावे.

याच कुळातील आणखी काही प्रयोग थोडक्यात पाहू. ‘आज सकाळी’ म्हणजे ‘टुडे मॉर्निंग’ नव्हे, ‘धिस मॉर्निंग’. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही आणि ‘रिटर्न’पुढे ‘बॅक’ लागत नाही. ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘फर्निचर’, ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘फीडबॅक’ यांना शेवटी एस जोडू नये. ‘आजच आलो’ यातील ‘च’साठी वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ लावण्याची सवय बोलण्यात चालते, लेखनात ती काढून टाकावी. बहुतेक वाक्यांचे त्यामुळे काहीही बिघडत नाही.

६. दुसरा रकाना : इथले शब्द कुठे ठेवायचे आणि कुठे बदलायचे

भारतीय इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नव्हे. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडे वापरला जातो, अत्यंत उपयोगी आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही त्याची नोंद आहे. ‘लाख’ आणि ‘क्रोअर’ हेही तसेच. ‘डू द नीडफुल’ हा वाक्प्रचार तर ब्रिटिशांकडूनच आला. त्यांच्याकडे तो मागे पडला आणि आपल्या सरकारी पत्रव्यवहारात टिकून राहिला. तेव्हा नाशिकच्या वितरकाला लिहिताना हे शब्द निःसंकोच वापरावेत. ज्याला ते रोज ऐकू येतात त्याच्यासाठी मुद्दाम परदेशी शब्द शोधण्यात काही अर्थ नाही.

परदेशी वाचकासाठी मात्र चार ठिकाणी बदल आवश्यक आहे. ‘पास आउट’चा सर्वसाधारण अर्थ तिकडे शुद्ध हरपणे असा होतो, पदवीसाठी ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरावे. (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’ हा शब्दप्रयोग मात्र योग्य आहे, कारण लष्करी शिक्षण पूर्ण करण्याच्या संदर्भात ब्रिटिश इंग्रजीतही तो चालतो.) ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीवर जाणे, उत्तर देण्यासाठी ‘रिप्लाय’ पुरेसा आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’ऐवजी ‘आउट ऑफ टाउन’ किंवा ‘ट्रॅव्हलिंग’ लिहावे. आणि लाख-कोटीचे आकडे मिलियनमध्ये द्यावेत, स्वल्पविरामांसह. १०,००,००० असे लिहिलेले पाहून परदेशी वाचक एखादे शून्य गळाले की काय या विचारात पडतो.

७. तिसरा रकाना : गुळगुळीत झालेले शब्द

अशा शब्दांचा कंटाळा इंग्रजी भाषकांनाही येतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात लेक सुपीरिअर स्टेट युनिव्हर्सिटी नावाचे विद्यापीठ आहे. लोकांनी सुचवलेल्या नकोशा शब्दांची यादी ते १९७६ पासून दरवर्षी प्रसिद्ध करते. ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेली ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ ही संस्था सरकारी आणि व्यापारी मजकूर साध्या भाषेत यावा यासाठी काम करते.

आपल्या मेलमधील गुळगुळीतपणा मात्र बराचसा मराठी अर्जाच्या साच्यातून येतो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सविनय सादर’, ‘कृपया कळवावे ही नम्र विनंती’ या शब्दांची इंग्रजी रूपे आपण एकावर एक रचत जातो. मराठीत आदर ‘आपण’ आणि ‘कळवावे’ या रूपांतच असतो. इंग्रजीत तशी सोय नसल्यामुळे, आदर कमी पडेल या भीतीने ‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली’ आणि ‘रिक्वेस्ट’ हे तिन्ही शब्द एका वाक्यात येतात. भावना चांगली असते, पण वाचकाला काय करायचे आहे तेच हाती लागत नाही.

एक मेल जवळून पाहू :

‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट आय हॅव अटॅच्ड द रिपोर्ट. काइंडली गो थ्रू द सेम अँड रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट.’

विषय वरच्या ओळीत आहेच, म्हणून पहिला तुकडा गेला. ‘कळवीत आहे’ हे सांगण्याची गरज नाही, थेट कळवावे. ‘द सेम’ म्हणजे अहवाल, तर ‘इट’ पुरे. ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’मधून दिवस कळत नाही. आता उरते ते असे :

‘डिअर मिस्टर देशपांडे, द मार्च रिपोर्ट इज अटॅच्ड. प्लीज सेंड मी युअर करेक्शन्स बाय फ्रायडे.’

यात आदर कमी झालेला नाही. ‘प्लीज’ एकदाच आले आहे आणि ते पुरेसे आहे. आपल्याच कार्यालयातील वरिष्ठांना मात्र ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ लिहिण्याची रीत असेल तर ती पाळावी.

‘बेसिकली’, ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘लिटरली’ हे तीन शब्द मसुद्यात शोधून प्रत्येक ठिकाणी काढून पाहावेत. ‘लिटरली’ निव्वळ जोर देण्यासाठी वापरणे ही सरसकट चूक आहे असे समजू नये. मेरियम-वेब्स्टरने तोही अर्थ नोंदवलेला आहे. परंतु कार्यालयीन मेलमध्ये त्याची गरज क्वचितच पडते.

याच पायरीवर दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. वाक्य ‘अँड’ किंवा ‘बट’ने सुरू करू नये, शब्दयोगी अव्यय वाक्याच्या शेवटी येऊ देऊ नये, हे शाळेत ऐकलेले निर्बंध व्याकरणाचे नियम नाहीत. चांगले इंग्रजी लेखक दोन्ही गोष्टी सर्रास करतात. या निर्बंधांच्या मागे लागून चांगली वाक्ये वेडीवाकडी करू नयेत.

८. पाठवण्यापूर्वी

मेल मोठ्याने वाचावा. वर्डमध्ये ‘रीड अलाउड’ची सोय आहे, तिच्याकडून वाचून घेतले तर सुटलेला किंवा दोनदा आलेला शब्द लगेच पकडता येतो. प्राप्तकर्त्याच्या नावाचे स्पेलिंग त्याच्या स्वतःच्या सहीतून पाहून घ्यावे. आपल्याकडे एकच आडनाव डब्ल्यूने आणि व्हीने, दोन्ही प्रकारे लिहितात. मग वहीतील पहिला रकाना एकदा नजरेखालून घालावा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवावी.

आणखी एक प्रसंग वारंवार येतो : वरिष्ठांनी स्वतः लिहून दिलेल्या मसुद्यात ‘रिव्हर्ट’ किंवा (‘अपडेट’ऐवजी) ‘अपडेशन’ यांसारखा शब्द असतो आणि तो तुम्हाला पुढे पाठवायचा असतो. स्पेलिंगची उघड चूक असेल तर ती दुरुस्त करून, दुरुस्त केल्याचे एका ओळीत त्यांना कळवावे. मधल्या रकान्यातील शब्द असेल आणि मेल देशातच जाणार असेल तर तो तसाच राहू द्यावा. मेल परदेशात जाणार असेल तर त्यांना भेटून, इतरांसमोर नव्हे, ‘तिकडे याचा अर्थ वेगळा घेतील असे वाटते, बदलू का?’ असे विचारावे. सर्वांना प्रत जाणाऱ्या उत्तरात कोणाचेही इंग्रजी दुरुस्त करू नये.